रावसाहेब तुपे यांची मंजुरी

निळ्या सॉफ्टवेअरनं लाल रंगात दाखवलेली तीस नावं मी वरून खाली वाचत होतो आणि सतराव्या नावावर थांबलो. रावसाहेब कोंडिबा तुपे. पुढं लिहिलं होतं, शेवटचा प्रवेश आज, सकाळी सहा वाजून सात मिनिटं.

चौदा महिन्यांपूर्वी मी तुपे नानांच्या तिरडीला खांदा दिला होता.

मी पान पुन्हा उघडलं. तेवढ्यात त्या ओळीतली वेळ बदलली. दहा वाजून सोळा. म्हणजे मी बघत असतानाच नाना आमच्या परमिटच्या प्रणालीत काहीतरी करत होते. एसीच्या त्या खोलीत मी एकटाच होतो. घाबरलो नाही असं लिहिणारे लिहोत. मी उठून दार उघडं ठेवलं आणि परत येऊन बसलो.

औषधांची कच्ची रसायनं बनवणारी आमची कंपनी दौंडपासून फार लांब नव्हती. नाव सांगत नाही, आता ती दुसऱ्याच नावानं चालते. परदेशातल्या एका गिऱ्हाइकानं अट घातली होती की तुमच्याकडं कुठल्या माणसाला कॉम्प्युटरवर काय करायचा अधिकार आहे, तो कुणी दिला आणि माणूस गेल्यावर तो काढला का, हे सांभाळणारं सॉफ्टवेअर बसवा, मगच मोठी ऑर्डर. दोन कंपन्यांनी महिन्याभरासाठी आपापला माल फुकट लावून दिला. एकाचा पडदा निळा, दुसऱ्याचा हिरवा, म्हणून मी त्यांना निळं आणि हिरवंच म्हणायचो. दोघांची तुलना करून तक्ता बनवायचं काम आयटीचे साहेब कुलथे यांनी माझ्यावर ढकललं. मी दहावी पास, ठेक्यावरचा. मॉनिटर दुरुस्तीच्या दुकानात बसून, शेजारी डिक्शनरी ठेवून इंग्रजी वाचत हे सगळं शिकलेला. खात्यात डिग्रीवाले चार होते. सातशे पानांची माहितीपुस्तकं वाचायला त्यांच्यातला एकही तयार नव्हता. सही करायला चौघंही तयार होते.

पहिली चाचणी सोपी होती. कामगारांच्या यादीत माणसं किती आणि कॉम्प्युटरमध्ये खाती किती. यादीत सहाशे बारा. खाती सहाशे बेचाळीस. वरची तीस खाती बेवारस. सोडून गेलेल्यांची, बदली झालेल्यांची. निळ्यानं ती लाल केली. हिरव्याला असलं काही दिसलंच नाही, त्यानं सगळ्यांना गुण दिले. कोण नियमित येतो, कोण पासवर्ड विसरतो, कोण चुका करतो. पहिल्या नंबरावर रावसाहेब तुपे होते. मागच्या बारा महिन्यांत एक दांडी नाही, एक चूक नाही, पासवर्ड एकदाही विसरले नाहीत. हिरव्यानं त्यांच्या नावापुढं सोनेरी चांदणी लावली होती.

मी तीसही खात्यांना एक निरोप पाठवला. आपण अजून या कंपनीत कामावर आहात का, कळवा. एकोणतीस जणांकडून काही आलं नाही.

दुपारी दोनच्या सुमाराला नानांचं उत्तर आलं. एकच शब्द. आहे.

निळ्यात आणखी एक सोय होती. प्रत्येक खात्यासाठी ते त्या माणसाच्या साहेबाला विचारायचं, या व्यक्तीला या अधिकारांची अजून गरज आहे का? तुपेंचे साहेब म्हणजे प्लँट हेड सबनीस. दुसऱ्या दिवशी मी बघितलं, त्यांनी उत्तर दिलं होतं. गरज आहे. प्रश्न उघडल्यापासून उत्तर देईपर्यंत चार सेकंद लागले होते, हेसुद्धा निळं लिहून ठेवतं.

मी ते खातं कुठल्या कॉम्प्युटरवरून चालतंय हे शोधलं आणि चालत गेलो.

परमिटची खिडकी प्लँटच्या तोंडाशी होती. धोक्याचं कुठलंही काम, टाकीत उतरायचं, वेल्डिंग करायचं, उंचावर चढायचं, त्याला तिथून परवानगीचा कागद घ्यावा लागायचा. गॅस तपासल्याची नोंद, वेळ, आणि खाली मंजुरी देणाऱ्याचं नाव. खिडकीच्या आत स्टुलावर एक बाई बसली होती. अंगावर झाडलोटवाल्या बायकांचा निळा कोट. तिनं वर बघितलं आणि मी ओळखलं. नानांची बायको, रत्नमाला वहिनी.

मी विचारायच्या आधीच तिनं सांगून टाकलं. नाना गेल्यावर सबनीस साहेब घरी आले होते, त्यांच्या जागी तुम्हाला घेतो म्हणाले. अर्ज वर मंजुरीला गेलाय, तो चौदा महिने वरच आहे. तोवर ठेकेदाराच्या झाडूवाल्यांत नाव लावलं आणि बसवलं खिडकीत. नवीन आयडीला वेळ लागेल, यांचाच वापरा, पासवर्ड हा घ्या. साहेब फोन करतात, ती मंजुरीचं बटण दाबते. आणि नानांचा आयडी म्हणजे साधा नव्हता. बावीस वर्षांत ते गोदाम, बॉयलर, प्रयोगशाळा, टाक्या असं सगळीकडं फिरले. प्रत्येक खात्यानं अधिकार दिला, निघताना कुणी काढून घेतला नाही. मागायचं त्यांनीच आणि मंजूर करायचं त्यांनीच, असं चालणारं सबंध कंपनीत ते एकच खातं होतं.

"माझ्या निरोपाला आहे असं का लिहिलंत?" मी विचारलं.

"कामावर आहात का विचारलं होतं ना भाऊ. हजेरी रोज त्यांचीच लागते. नाही कसं लिहू?"

मग म्हणाली, सकाळी चालू केलं की पडद्यावर येतं, वेलकम रावसाहेब. पहिले आठ दिवस हात लावत नव्हते. आता वाट बघते त्याची. तेवढंच कुणीतरी त्यांना नावानं बोलावतं.

खिडकीबाहेर दोन फिटर कागदासाठी उभे होते. तिनं कागद काढून दिले. दोघांनी खाली तुपेंचं नाव वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं आणि गेले. रोजचंच.

मी खातं बंद करा असं म्हणणार होतो. पण बंद झालं की ही बाई कुठल्याच यादीत उरत नव्हती. ठेकेदाराची यादी कंपनी मानत नाही, कंपनीच्या यादीत ती कधी नव्हतीच. मी गप्प परत आलो. हेही लिहून ठेवतो, कारण गप्प बसायची माझी ती पहिली वेळ नव्हती.

पंधरा मार्चला मी तक्ता घेऊन सबनीसांसमोर उभा राहिलो. कुलथे बाजूला. बारा मुद्दे काढले होते. नवीन माणसाला खातं किती वेळात मिळतं, गेलेल्याचं किती वेळात बंद होतं, एकाच माणसाकडं दोन विरोधी अधिकार आले तर कोण ओरडतं. बारापैकी नऊ मुद्द्यांत निळं पुढं होतं. सबनीसांनी तक्ता उलटा करून टेबलावर ठेवला. त्यांना एकच जाणून घ्यायचं होतं, जुनं किती मागचं बघतात ही दोघं.

मी सांगितलं की निळं परमिटची प्रणाली बसवल्या दिवसापासूनचं सगळं ओढून घेतं. हिरवं मागचे बारा महिने घेतं, त्याआधीचं टाकून देतं.

ते म्हणाले, हिरवं घ्या. कुलथ्यांनी मान हलवली. वर सबनीस असंही म्हणाले की हिरवं लागलं की जुना सर्व्हर ठेवायची गरज नाही, शनिवारी भंगारवाला येतोय, त्यालाच द्या. मी म्हणालो, त्यात परमिटच्या मूळ नोंदी आहेत. सबनीस हसले. कुलथ्यांना म्हणाले, तुमचा हा माणूस फार वाचतो.

बारा महिने. नानांना जाऊन चौदा झाले होते. कॅलेंडर बघायला मला कुणाची डिग्री लागत नव्हती.

त्या संध्याकाळी घरी जायच्या आधी मी निळ्यात नानांचं खातं उघडून मागं मागं गेलो. मागच्या वर्षीच्या नऊ जानेवारीपर्यंत, नाना गेले त्या दिवसापर्यंत.

नानांचं मरण कंपनीत सगळ्यांना तोंडपाठ होतं. चार नंबरच्या टाकीत नायट्रोजन भरलेला होता, तो पुरता काढला नव्हता. नाना उतरले, दोन मिनिटांत खाली बसले, परत उठले नाहीत. चौकशी झाली. कागदावर नानांचंच परमिट निघालं. गॅस तपासला असं त्यांनीच लिहिलेलं, मंजुरी त्यांचीच, वेळ साडेदहा. निकाल लागला की कामगारानं स्वतःच्या अधिकारात, स्वतःच्या निष्काळजीपणानं. दहाव्याला नानांच्या भावानं घाटावर वहिनीच्या तोंडावर म्हटलं होतं की आमच्या दादानं स्वतःच्या हातानं स्वतःला मारून घेतलं. मी तिथं होतो.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला पाहिजे. आधी काम, मग परमिट. उत्पादन थांबायला नको म्हणून माणूस सकाळीच उतरायचा आणि कागद जेवणाच्या सुट्टीत भरायचा, मागची वेळ टाकून. कागदी वह्या होत्या तेव्हापासूनची ही सवय. कॉम्प्युटर आल्यावरही वेळेच्या चौकटीत लोक मनाची वेळ टाकत राहिले. कुणाच्या डोक्यात आलं नाही की कॉम्प्युटर तुमची वेळ ठेवतो तशी स्वतःचीही ठेवतो. ती पडद्यावर दाखवत नाही, पण ठेवतो. निळ्यानं ती दाखवली.

चौकटीतली वेळ, दहा तीस. मंजुरीचं बटण दाबल्याची खरी वेळ, बारा अठ्ठेचाळीस.

अँब्युलन्स अकरा वीसला गेटबाहेर पडली होती. गेटच्या वहीत आहे. दवाखान्यात डॉक्टरांनी बघून, संपलेत म्हणून परत फिरवली होती.

म्हणजे मेल्यावर दीड तासानं नानांनी स्वतःच्या मरणाला मंजुरी दिली. मेल्यानंतरचं त्यांचं ते पहिलं काम. त्यानंतर चौदा महिने सुट्टी नाही.

मी त्याच्या वरची ओळ वाचली. बारा एकेचाळीस. पासवर्ड बदलला. बदलणारा, खंदारे.

खंदारे म्हणजे मी.

आठवायला फार वेळ लागला नाही. दिवसाला चाळीस फोन यायचे, त्यातला एक. प्लँटमधून सबनीसांचा आवाज, तुपेचा पासवर्ड बदलून दे, अर्जंट आहे. तोवर बातमी ऑफिसपर्यंत आली नव्हती. मी का म्हणून विचारलं नाही. साहेबांना का विचारायची पद्धत नव्हती. पासवर्ड बदलून फोनवर सांगितला, जेवायला गेलो, आणि जेवताना कळलं की तुपे गेले. मला वाईट वाटलं होतं. दोन घास मागं ठेवले होते.

सकाळी दहाला मी खिडकीवर गेलो. निळ्यातली ती दोन पानं छापून घेतली होती. वहिनीला बाहेर बोलवावं असं डोक्यात होतं, पण ती जागा सोडेना, म्हणून आत जाऊन दार लोटलं आणि उभ्यानंच सांगितलं. सगळं. माझी ओळही. तिनं ती दोन्ही पानं मांडीवर घेतली. ती सातवी शिकलेली होती, आकडे तिला दिसत होते.

तिनं दोन्ही वेळांवरून बोट फिरवलं. मग हळू म्हणाली, "म्हणजे ते उतरले तेव्हा परमिट नव्हतंच."

"नव्हतं."

"कुणीतरी उतर म्हणालं आणि ते उतरले."

"हो वहिनी."

"आणि मग तुम्ही किल्ली दिली."

मी हो म्हणालो. मला वाटलं होतं ती शिव्या देईल. ती पडद्याकडं वळली. म्हणाली, यांच्या नावानं काय काय करता येतं सांगा. मी म्हणालो, सगळंच. दिलेली मंजुरी मागं घेता येते का, तिनं विचारलं. घेता येते, कितीही जुनी असली तरी, फक्त कारण लिहावं लागतं. आणि त्याचा निरोप आपोआप जातो. सगळे साहेब, सुरक्षा समिती, युनियन, एक्केचाळीस जण.

मी तिला पुढचंही सांगितलं. चौदा महिने मेलेल्या माणसाच्या नावानं तुम्ही मंजुऱ्या दिल्या, आधी तुम्हालाच धरतील. माझं काय व्हायचं ते होईल, तुमचं सगळं जाईल.

"माझं काय आहे इथं?" ती म्हणाली. "वर नाव आहे का कुठं माझं?"

मी मराठी टायपिंग चालू करून दिलं. तिनं चार नंबरच्या टाकीचं ते परमिट काढलं. एका बोटानं, अक्षर शोधत, दोन वाक्यं लिहिली. मध्ये एकदा थांबून चष्मा पदरानं पुसला. लिहून झाल्यावर मला वाचायला लावलं नाही, मी आपणच वाचलं.

ही मंजुरी माझी नाही. त्या वेळी मी जिवंत नव्हतो.

मग तिनं बटण दाबलं. दहा वाजून चौदा मिनिटं.

पहिल्यांदा सुरक्षा विभागातला फोन वाजला, मग त्याच्या पलीकडचा, मग सगळीकडं. युनियनचा शिरोळे जिना उतरता उतरता मोबाइल वाचत उभा राहिला. त्यानं तो पुढच्याला दाखवला. पंधरा मिनिटांत प्लँटमध्ये असं झालं की पंपांचा आवाज तेवढा उरला, माणसांचा नाही. मी खिडकीतून बघत होतो. उंचावर चढलेले दोघं खाली उतरले. एक वेल्डर भिंतीला टेकून बसला, त्यानं खिशातून सकाळचा परमिटचा कागद काढला, उलगडला, खालचं नाव वाचलं. चौदा महिने तो हे नाव रोज वाचत होता. त्या दिवशी त्यानं कागद जमिनीवर ठेवला, वर दगड ठेवला, आणि हात पँटला पुसले. मग दुसऱ्यानं ठेवला. दुपारपर्यंत खिडकीसमोर साठ-सत्तर कागद पडले होते, प्रत्येकावर दगड. कुणाला सांगावं लागलं नाही. कामाला कुणी हात लावला नाही.

सबनीस खिडकीवर आले तेव्हा त्यांना त्या कागदांमधून वाट काढत यावं लागलं. वहिनीला काही बोलले नाहीत. मला म्हणाले, खंदारे, तू संपलास. तोवर निळ्यातली पानं शिरोळेच्या खिशात गेली होती आणि जुन्या सर्व्हरची खोली युनियनच्या पोरांनी बाहेरून कुलूप लावून धरली होती.

दुसऱ्या दिवशी गेटवर आम्हा दोघांना अडवलं. मला ठेका संपला म्हणून. तिला, तुमचं नाव कुठल्याच यादीत नाही म्हणून. वॉचमन ओळखीचा होता, मान खाली घालून बोलत होता.

एप्रिलच्या शेवटी कारखाने निरीक्षक फेरचौकशीला आले. सुकलेल्या चेहऱ्याचा, हळू बोलणारा माणूस, बरोबर लिहून घ्यायला एक कारकून. कंपनीच्याच मीटिंगच्या हॉलमध्ये बसले. सबनीस, त्यांचा वकील, शिरोळे, वहिनी आणि मी. माझा जबाब आधी झाला. पासवर्ड मी बदलला, सबनीसांचा फोन आला म्हणून, असं मी सांगितलं. वकील म्हणाला, हा दहावी पास ठेक्याचा माणूस, कामावरून काढल्याचा राग धरून खोटं बोलतोय. सबनीस म्हणाले, मी असा फोन केलाच नाही.

निरीक्षकांनी पहिल्या चौकशीची फाइल उघडली. तिच्यात सबनीसांच्या सहीचा जबाब होता. तो त्यांनी मोठ्यानं वाचला. "आयडी आणि पासवर्ड हे ज्या त्या कामगाराकडेच असतात. रावसाहेब तुपे यांच्या आयडीवरून दुसऱ्या कुणालाही मंजुरी देता येत नाही. सबब ही मंजुरी तुपे यांनी स्वतः दिलेली आहे." वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, हे अजून खरं आहे का?

सबनीसांनी वकिलाकडं बघितलं. वकील कागद चाळत राहिला. नाही म्हणावं तर पहिली मंजुरी दुसऱ्या कुणाची, आणि मग ती कुणाची हा प्रश्न येणार. पंख्याखाली बसून सबनीसांच्या मानेवर घाम आला होता. मी तो बघत होतो, सांगायला लाज वाटत नाही.

"खरं आहे," सबनीस म्हणाले. "दुसऱ्या कुणालाही देता येत नाही."

"मग सोळा मार्चचं हे?" निरीक्षकांनी दुसरं पान पुढं केलं. "मंजुरी मागं घेतली, खाली कारण लिहिलंय. हे कुणी लिहिलं?"

 वकिलानं वहिनीकडं बोट करायला हात उचलला आणि अर्ध्यावरून खाली घेतला. त्यालाही कळलं होतं, तिचं नाव घेतलं की सबनीसांचा जबाब खोटा ठरतो. निरीक्षकांनी मग तिलाच विचारलं, बाई, तुम्हाला काही सांगायचंय का?

रत्नमाला वहिनी उभी राहिली. आवाज चढवला नाही. "साहेब म्हणतात ते बरोबर आहे," ती म्हणाली. "त्यांच्या नावानं दुसरं कोण लिहिणार. त्यांनीच लिहिलं."

निरीक्षक तिच्याकडं बघत राहिले. मग कारकुनाला सांगायला लागले. अपघाताच्या परमिटला मंजुरी मयताच्या मृत्यूनंतर दीड तासानं, प्लँट प्रमुखांच्या म्हणण्याप्रमाणे मयतानंच दिली. तीच मंजुरी चौदा महिन्यांनी, प्लँट प्रमुखांच्या म्हणण्याप्रमाणे मयतानंच मागं घेतली.

कारकुनाचं पेन थांबलं. "साहेब," तो म्हणाला, "असंच लिहू?"

"असंच लिहा," निरीक्षक म्हणाले. "आणि खाली सबनीसांची सही घ्या."